पाव घोडा आणि चौथी आज्ञा

"मशीन म्हणजे बैलच," दादा म्हणाले आणि बशीतल्या चहावर फुंकर मारली. "काम करतं ना ते? ओझं ओढतं ना? मग बैलच."

"बैलाला जीव असतो, दादा," आमचे मास्तर म्हणाले.

"मग तुझ्या मशीनला काय असतं?"

"मोटर. पाव हॉर्सपॉवरची."

दादांनी बशी खाली ठेवली. "हॉर्स म्हणजे?"

"घोडा."

"म्हणजे पाव का होईना, घोडा आहेच आत. आणि देवाच्या दहा आज्ञांतल्या चौथीत स्पष्ट आहे, विसाव्याच्या दिवशी जनावरालासुद्धा जुंपायचं नाही."

"बैल आणि गाढव सांगितलंय. घोड्याचं नाव नाही तिथे."

"का? घोड्याने काय पाप केलंय?"

मी चहाचा ट्रे धरून दोघांच्या मध्ये उभी होते, कप कधी रिकामे होतात ते बघत. माझ्या जाऊबाई, फुलाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पदराच्या काठाशी चाळा सुरू केला.

"बरं, विज्ञानाने बघू," मास्तर म्हणाले. मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तरी बोटांत खडू असल्यासारखंच बोलायचे. "काम म्हणजे काय? जोर लावला आणि वस्तू हलली, तर काम. हलली नाही तर काम झालंच नाही. आता ही तबीथा ट्रे धरून उभी आहे. ट्रे हलतोय का? नाही. मग ही किती काम करतेय?"

"किती?"

"शून्य."

दोघं भाऊ पोट धरून हसले. मीही हसले. हसताना ट्रे जरा हलला, तेवढं काम माझ्या हातून झालं असेल.

ही गोष्ट भारनियमनाच्या काळातली. आमचं मिशन कंपाउंड नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटल, मध्ये आमची घरं. जुन्या मिशनरी लोकांनी घालून दिलेली शिस्त आमच्या पिढीपर्यंत टिकली होती. रविवारी बाजार नाही, शिवण नाही, धुणं तर नाहीच. स्वयंपाकसुद्धा शनिवारी करून ठेवायचा, रविवारी नुसता गरम करायचा. चहा तेवढा चालायचा. चहाला कोणी काम म्हणायचं नाही, कारण तो पुरुषांना लागायचा.

मी हॉस्पिटलात नर्स. सोमवार ते शनिवार ड्युटी. सकाळी वीज नसायची, दुपारी यायची तेव्हा मी वॉर्डात, आणि संध्याकाळी मी घरी पोचायची वेळ आणि वीज जायची वेळ एकच. रात्री दहाला परत यायची, पण तोवर नळाचं पाणी गेलेलं असायचं. रविवारी मात्र दिवसभर वीज. धुणं मी शनिवारी संध्याकाळी धुवायची, मागच्या दगडावर, कंदील ठेवून. धुणं झालं की रविवारचा स्वयंपाक. रविवारी चर्च सुटलं की दादा आणि फुलाबाई जेवायला आमच्याकडे. दादा चर्चच्या मंडळीचे पंच, आणि सासरे लवकर गेल्यावर मास्तरांना त्यांनीच वाढवलेलं. दादांचा शब्द आमच्या घरात खाली पडायचा नाही.

त्या वर्षी थंडीत मी दगडापाशी चादर पिळत होते आणि कमरेत असं काही झालं, की खाली बसले ती बसलेच. उठता येईना. मास्तर आतून हाक मारत होते, "तबीथे, ऊठ. भाजी लागतेय."

हे त्यांचं लग्नापासूनचं. पवित्र शास्त्रात एक तबीथा आहे. लोकांना कपडे शिवून द्यायची, फार भली बाई. ती मरते, तर येशूचा शिष्य पेत्र येऊन म्हणतो, तबीथे, ऊठ. आणि ती उठते. मास्तर रोज पहाटे मला तसंच उठवायचे आणि रोज स्वतःच हसायचे. ती बाई मेली कशाने, ते तिथे धड सांगितलेलं नाही. माझं मत विचाराल तर शिवून शिवून थकली असेल. निवांत पडली होती बिचारी, तर उठवलं.

तर डॉक्टर म्हणाले, ओलं ओझं यापुढे उचलायचं नाही. पुन्हा असं झालं तर अंथरुणात दिवस काढावे लागतील. आमचा शमुवेल पुण्याला नोकरीला. त्याने ऐकलं आणि टेम्पोत घालून कपडे धुवायचं मशीन आणलं, समोरून दार उघडायचं, काचेचं. मोरीत मावेना म्हणून पुढच्या खोलीत, मोरीच्या भिंतीला लागून ठेवलं. जाताना म्हणाला, "आई, वापर. पुढच्या महिन्यात येतो. नुसतं झाकून ठेवलेलं दिसलं तर उचलून माझ्या खोलीवर नेईन."

मला वीज मिळणार रविवारची. आणि रविवारी मशीन चालवायचं की नाही, ते दादा ठरवणार. एवढाच प्रश्न होता. एवढ्याशा प्रश्नाला दोघा भावांनी रविवारमागून रविवार लावले.

पुढच्या रविवारी फ्रीज निघाला.

"दादा, तुमचा फ्रीज रविवारी बंद असतो का?"

"फ्रीज काही काम करत नाही. नुसता गार बसून राहतो."

"गार राहणं हेच त्याचं काम."

"गार बसणं हे काम असेल, तर निवृत्त झाल्यापासून तू फार राबतोयस."

फुलाबाईंना खोकला आला. पदर तोंडाला लावून बराच वेळ खोकत होत्या.

मग विषय जग निर्माण झालं तिथपर्यंत गेला. मास्तर म्हणाले, सूर्य चौथ्या दिवशी केला, मग पहिले तीन दिवस कशाने मोजले? सातवा दिवस कोणता, ते तरी नक्की कसं सांगणार?

"तुझ्या शाळेचं घड्याळ कायम बंद असायचं," दादा म्हणाले. "तरी तास व्हायचेच ना?"

"शिपाई घंटा द्यायचा."

"मग तिथेही कोणीतरी देत असेल घंटा. आणि एक विसरतोस. त्या वेळी दिवस संध्याकाळी लागायचा. आधी संध्याकाळ, मग सकाळ."

मास्तरांचे डोळे चमकले. "म्हणजे शनिवारी दिवस मावळला, की विसाव्याचा दिवस लागला?"

"लागला."

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तबीथा इतकी वर्षं शनिवारी रात्री आज्ञा मोडत आली," मास्तर म्हणाले. आवाज असा, जसा आकाशात नवा तारा सापडलाय.

"तिला काय माहीत," दादा मायेने म्हणाले. "अजाणता झालं. त्याला क्षमा आहे."

मी कप उचलून आत गेले. बोटांना भेगा पडल्या होत्या, साबण लागला की झोंबायचं. पाणी सोडून नुसती उभी राहिले. हलत नव्हते, म्हणजे तेही शून्यच.

मशीन बसवायला दुकानातून माणूस येणार होता. दादांनी सांगितलं, राहायचं की जायचं ते ठरू दे, मग बोलवा. तो बसवून जाईल आणि काढायला कोण येईल? मास्तरांनी मान हलवली. मशीनवर मी चादर घातली. वर फुलदाणी ठेवली. महिना सरत आला.

शेवटी तोड मास्तरांनीच काढली. मशीनला म्हणे घड्याळ होतं. आदल्या रात्री कपडे घालायचे, वेळ लावायची, की दुसऱ्या दिवशी ते आपणहून सुरू होतं.

"कोणाचा हात लागणार नाही?" दादांनी विचारलं.

"कोणाचा नाही."

"आपण कुठे असू?"

"चर्चमध्ये. उपासना सुरू आणि इकडे धुणं सुरू."

दादांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे गाढव मोकळं सोडलं आणि ते आपल्या मनाने फिरून आलं. आपण जुंपलं नाही."

"अगदी तसंच."

"पण कपडे घालणार शनिवारी रात्री. तेव्हा तर दिवस लागलेला."

"तो इस्राएलात, दादा. आपल्याकडे रात्री बाराला लागतो. वीज दहाला येते."

"एक रविवार बघू," दादा म्हणाले. "देवाने काही दाखवलं नाही, तर राहू दे मशीन. काही दाखवलं, तर शमुवेल येईल तेव्हा घेऊन जाईल. मग वाद नाही."

"बसवायला माणूस?" मी विचारलं.

"माणूस कशाला?" मास्तर म्हणाले. "मी विज्ञान शिकवलंय." आणि नळाला पाइप त्यांनी स्वतः जोडला, खिडकीतून दुसरा पाइप पपईच्या झाडात सोडला, आणि शनिवारी रात्री वेळ लावून हात झटकले.

त्या रविवारी उपासनेत मी काय गायले ते मला विचारू नका. कान सगळे घराकडे. मनातल्या मनात एकच मागणं, देवा, आज काही दाखवू नकोस. बाकी कधीही दाखव.

चर्च सुटलं. दादा, फुलाबाई, मास्तर आणि मी घराकडे निघालो. लिंबाच्या झाडापर्यंत आलो तर धडधड ऐकू आली. वाटलं, मालगाडी जातेय. पण आमच्या गावाला रेल्वे नाही.

आता पुढचं मी सांगते ते जसंच्या तसं आहे. आमची नात म्हणते, आजी दर वेळी मशीन थोडं आणखी लांब चालवते. ती तेव्हा जन्मलीही नव्हती, तिला काय विचारता. मी खिडकीतून या डोळ्यांनी बघितलं. मशीन जागेवरून निघालं होतं. टीपॉय आडवा करून, चपलांच्या मांडणीला वळसा घालून, पाहुण्यासारखं दारापर्यंत आलं होतं आणि आतून दाराला खांदा लावून थरथरत उभं होतं. भिंतीवरचा माझ्या सासऱ्यांचा फोटो तिरका झालेला, जणू तेही वाकून बघतायत. शेजारच्या कोंबड्या पुढे आठवडाभर अंड्यावर बसल्या नाहीत. आम्ही बघतोय तोवर त्याने एक शेवटचा हिसका दिला आणि गप्प झालं.

मास्तरांनी दार ढकललं. दार आत उघडणारं. तसूभरही हललं नाही.

"दाखवलं," दादा म्हणाले. त्यांनी टोपी काढली. "बलामाचं गाढव."

"कसलं गाढव, दादा?"

"वाटेत देवदूत उभा होता. बलामाला दिसला नाही, गाढवाला दिसला. गाढव अडून बसलं. हे तेच. रविवारी काम करायचं नाही म्हणून दार अडवून उभं राहिलंय."

मास्तर खिडकीच्या गजांना नाक लावून आत बघत होते. त्या खिडकीचे दोन गज मोडलेले होते. "दादा, मागच्या बाजूला चार बोल्ट दिसतायत. गाडीत आतला पिंप हलू नये म्हणून आवळलेले असतात. ते काढायचे राहिले. म्हणून उड्या मारल्या त्याने."

"का राहिले?"

"माणूस बोलावला नाही म्हणून."

"का नाही बोलावला?"

"तुम्ही नको म्हणालात."

"माझ्या तोंडून कोण बोललं असेल, याचा विचार कर."

"बोल्ट म्हणजे देवदूत, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"चार आहेत ना? शास्त्राच्या शेवटी, प्रकटीकरणात, चार दिशांना चार देवदूत उभे आहेत. वाच जरा."

ऊन डोक्यावर आलं होतं. माझ्या हातात गीतांचं पुस्तक, पायात चर्चला जायचे बूट. घरात कालचा रस्सा, भात, पाणी, सगळं आतच. कमरेत ती जुनी कळ हळूच जागी झाली, एखादं मूल झोपेतून उठतं तशी. लिंबाखाली मास्तरांची बाज होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते तिच्यावर पेपर वाचत पडायचे. मी गेले आणि तिच्यावर आडवी झाले. बुटांसकट. डोळे मिटले.

वाद चालूच होता. मग थांबला. पावलं जवळ आली.

"तबीथे, ऊठ," मास्तर म्हणाले. "खिडकीतून आत शिरायला लागणार. तूच त्यातल्या त्यात बारीक आहेस."

मी डोळे उघडले नाहीत.

"दादा," मी म्हटलं, "चौथी आज्ञा म्हणून दाखवता का? कोणी कोणी काम करायचं नाही त्या दिवशी?"

दादांना अशी विनंती कधीही आवडायची. घसा साफ करून सुरू झाले. "तू करायचं नाही. तुझ्या मुलाने नाही, मुलीने नाही. तुझ्या दासाने नाही, दासीने नाही. बैलाने नाही, गाढवाने नाही. घरी आलेल्या परक्यानेसुद्धा नाही."

"आणि बायकोने?"

दादांनी बोटांवर पुन्हा मोजलं.

"ती..." दादा म्हणाले, "ती त्या पहिल्या 'तू'मध्येच आली. नवरा-बायको म्हणजे एकच देह."

"एकच देह असेल तर माझी कंबर दुखते ती मास्तरांना कळायला पाहिजे."

दादांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"मी शोधलं दादा. वॉर्डात कधीमधी रात्रपाळी लागली की वाचायची मी. बैल सापडला, गाढव सापडलं, बायको नाही सापडली. तुम्ही मला दासीत धरा, नाहीतर गाढवात धरा. कशातही धरलं तरी आज मी खिडकीतून जात नाही. आणि मशीन न्यायचं तर न्या. मी भांडत नाही. आता ताकद नाही माझ्यात."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं. रागाला पण अंगात काहीतरी लागतं.

तेव्हा फुलाबाई बोलल्या. त्यांचा आवाज आमच्या घरात दादांच्या समोर मी फारसा ऐकला नव्हता.

"त्या आज्ञेत त्याच्या आधी काय आहे?"

"कशाच्या आधी?" दादा म्हणाले.

"सातव्या दिवसाच्या आधी."

दादांनी ओठ हलवून मनात म्हणून बघितलं. "सहा दिवस श्रम कर, असं आहे."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? ज्याने त्याने."

"मग भावजी सोमवारी काय करतात?"

मी एक डोळा उघडला. मास्तर उभे होते. बाजेकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडे नाही, बाजेकडे. उशाला कालचा पेपर घडी घालून ठेवलेला, त्याच्यावर त्यांचा चष्मा.

"सोमवारी दुपारी वीज असते," मी म्हटलं. "मंगळवारी पण असते."

"सोमवारी तू ड्युटीवर असतेस," मास्तर पटकन म्हणाले. आणि वाक्य संपता संपता त्यांचा आवाज खाली गेला.

"मी असते," मी म्हटलं.

इतके रविवार. बैल झाला, घोडा झाला, सूर्य झाला, इस्राएल झालं. दोघांतल्या एकालाही सोमवार सुचला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही आधी सुचला नव्हता. फुलाबाईंना कधी सुचला होता, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दादा मास्तरांकडे वळून म्हणाले, "थिओफिल, ती खिडकी किती रुंद असेल रे?"

मास्तरांनी कोट काढला, घडी केली आणि माझ्या उशाशी ठेवला. मग दोघं खिडकीकडे गेले. दादांनी खालून रेटलं, मास्तर वर. मध्येच अडकले. फुलाबाई बाजेच्या कडेला येऊन बसल्या आणि त्यांनी माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. आतून चपलांची मांडणी पडल्याचा आवाज आला, मग मशीन सरकवल्याचा, आणि दादा बाहेरून ओरडत होते, "कपडे ओले आहेत का रे? मग वाळत कोण घालणार?"

पावलं पुन्हा बाजेपर्यंत आली. माझ्या पापण्यांवर सावली पडली.

"तबीथे..." मास्तर म्हणाले.

मी वाट बघितली. पुढचा शब्द आला नाही. थोड्या वेळाने सावली निघून गेली.

दुकानातला माणूस येऊन बोल्ट काढून गेला. शमुवेल आला तेव्हा मशीनवर फुलदाणी नव्हती, म्हणून मशीनला हात न लावता परत गेला. पण मला आठवतो तो पहिला सोमवार. मी संध्याकाळी ड्युटीवरून आले तर दोरीवर धुणं. शर्ट एकेका खांद्याला टांगलेले, फाशी दिल्यासारखे. माझी साडी सगळी एका चिमट्यात गोळा करून अडकवलेली. पण धुतलेलं. वाळत घातलेलं. चादरीसुद्धा.

मास्तर बाजेवर उताणे पडले होते. एक हात कमरेखाली.

"काय झालं?"

"काही नाही." मग कूस बदलत म्हणाले, "ओली चादर फार जड असते गं. आणि चिमटा सापडेपर्यंत ती वर धरून उभं राहावं लागतं."

"नुसतं धरून?"

"नुसतं धरून."

"तेव्हा ती हलते का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लिंबाकडे बघितलं.

"ती कामाची व्याख्या," ते म्हणाले, "कोणीतरी खुर्चीवर बसून लिहिली असणार."

मी बाजेच्या काठावर टेकले. बूट काढले. आत पंख्याचा आवाज मंदावत गेला आणि थांबला. वीज गेली. चादरीतून पाणी ठिबकत होतं, ते आम्ही दोघं ऐकत बसलो. माझे पाय दुखत होते, त्यांची कंबर.

"चहा?" मास्तर म्हणाले.

इतक्या वर्षांत या शब्दाचा अर्थ एकच होता, मी उठायचं. मी उठले नाही. चपला शोधल्या नाहीत, पदर खोचला नाही. नुसती बसून राहिले.

मग पाठीमागे बाज करकरली आणि चपलांचा आवाज घराकडे गेला. मी वळून बघितलं नाही.